शुक्रवारची चिठ्ठी

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात इंग्रजी वाक्प्रचार लिहिलेले आहेत आणि ते सगळे वाहनांचे आहेत: बोटी, गाड्या, चाकं, रूळ, शिडं. वर वाक्प्रचार, त्याखाली मराठी अर्थ आणि त्याखाली वाक्यात उपयोग. शेवटची ओळ सोडली तर अक्षर बरं आहे. ती ओळ मी अंधारात, चालत्या बसमध्ये लिहिली आणि ती रेघ सोडून तिरकी खाली उतरत गेली आहे. ती मला कोणी सांगितली, हा प्रश्न इतकी वर्षं माझ्या मानगुटीवर बसून आहे. मी भित्री नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांचा मला कंटाळा येतो. तरी ती वही मी कपाटात उपडी ठेवते.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत टायपिस्ट होते. राहायला वाशीत. कंपनीची बस सकाळी सातला एपीएमसी मार्केटच्या नाक्यावरून निघायची, म्हणून आमच्या दिवसाची सुरुवात कांद्याच्या वासाने व्हायची आणि शेवट तळोज्याच्या वासाने, ज्याला कसला वास म्हणायचं ते आजही मला सांगता येणार नाही. मधला रस्ता अर्ध्या बांधलेल्या शहराचा होता. दोन्ही बाजूंना पाच-पाच मजल्यांच्या इमारती रांगेने उभ्या, भिंतींवर ठळक नंबर, खिडक्यांना काचा नाहीत आणि राहायला कोणी नाही. हिवाळ्यात परतताना अंधार लवकर पडायचा. मग त्या रांगांमध्ये एखाद्याच खिडकीत दिवा दिसायचा आणि तिथे कोण राहत असेल असं मनात येऊन मी नजर फिरवायचे.

बसमध्ये आम्ही बावीस जण होतो. जागा ठरलेल्या. दाराजवळची पहिली सीट माझी, आणि मी वयाने सगळ्यांत लहान, म्हणून मोजणीचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. ड्रायव्हर मागे वळून बघायचा नाही. तो जवळच्याच गावचा, मोजकं बोलणारा माणूस. विचारायचा, "सगली आली का?" मी मोजून म्हणायचे, "चला." मी "चला" म्हटल्याशिवाय बस हलायची नाही. तेवीस वर्षांच्या मुलीला एवढा अधिकारही पुष्कळ वाटतो.

मोजणीचा एक अलिखित नियम होता. सीटवर पिशवी असली की माणूस आहे असं धरायचं. कोणी पान खायला गेलेलं असायचं, कोणी गेटवर सही करायला. पिशवी आहे म्हणजे माणूस येतोच आहे, एवढा विश्वास. मुंबईकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तो सीटवर रुमाल टाकूनच मोठा होतो. दुसरा नियम थापांचा. कोणी मागच्या पत्र्यावर एक थाप मारली तर थांबायचं, दोन मारल्या तर निघायचं. याच दोन नियमांवर आमची बस वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती.

माझ्या मागच्या सीटवर चाचा बसायचे. ते स्टोअर्सचे इनचार्ज. रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, उमेदीची वर्षं बोटीवर काढलेले, आणि इंग्रजी असं की मॅनेजरसुद्धा पत्र पाठवण्याआधी त्यांना दाखवायचा. मला हेड ऑफिसच्या जागेसाठी इंटरव्ह्यू द्यायचा होता आणि माझं इंग्रजी टाइप करण्यापुरतं होतं, तोंडातून फुटायचं नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच एकदा मागून खांद्यावर पेन टेकवलं आणि म्हणाले, "रोज एक वाक्प्रचार. वाहनांचाच. बसमध्ये बसून नांगर-बैलांचं काय शिकायचं गो?"

त्यांची पद्धत शाळेतल्या मास्तरांची होती. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. फक्त एक अट: वाक्य बसमधल्या माणसावर हवं. त्यामुळे माझं इंग्रजी सुधारलं आणि स्वभाव बिघडला. 'बॅकसीट ड्रायव्हर' म्हणजे स्वतः काही न करता करणाऱ्याला अक्कल शिकवणारा, आणि तो आमचा कॅशियर. 'फिफ्थ व्हील' म्हणजे जिथे आपली गरज नाही तिथे लुडबुडणारा. लॅबमधल्या एका जोडप्याचं तेव्हा जमत होतं आणि त्यांच्या मधोमध रोज एक सुपरवायझर जाऊन बसायचा, त्याला आम्ही ते बहाल केलं. 'टु टेक समवन फॉर अ राइड' म्हणजे एखाद्याला टोपी घालणं. 'टु रॉक द बोट' म्हणजे बरं चाललेलं असताना उगाच खुसपट काढणं, आणि हे वाक्य चाचांनी माझ्यावर केलं, कारण मी कँटीनच्या चहावरून लेखी तक्रार केली होती. 'व्हेन माय शिप कम्स इन' हा त्यांचा लाडका. नशीब उघडेल तेव्हा, असा अर्थ. "आमची बोट बंदराबाहेर नांगर टाकून बसलीय," असं म्हणून ते हसायचे.

एकदाच ड्रायव्हरने तोंड घातलं. चाचांनी 'अस्लीप ॲट द व्हील' दिला होता, म्हणजे जबाबदारीच्या जागी बसून गाफील राहणं. अर्थ ऐकून ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला, "गारीत बसून असला बोलू नये चाचा. खोडा ते." चाचांनी मला ते खोडायला लावलं. वहीत अजून ती खोडलेली ओळ आहे आणि त्याखाली वाक्यात उपयोग नाही.

चाचा आठवड्याचे सहा वाक्प्रचार रविवारीच काढून ठेवायचे. स्टोअर्सच्या रद्द झालेल्या स्लिपांच्या पाठीमागे, दिवसाला एक चिठ्ठी, वर वाराचं नाव, आणि सगळ्यांना मिळून एक टाचणी. चिठ्ठ्या त्यांच्या खाकी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असायच्या. संध्याकाळी नावडं मागे पडलं की ते चिठ्ठी काढणार, वाचणार आणि मला जागच्या जागी वाक्य बनवायला लावणार. मला ते छळल्यासारखं व्हायचं. मला आधी तयारी करून, मग सहज सुचल्याचा आव आणायला आवडतं. आजही आवडतं.

माझा इंटरव्ह्यू शनिवारी सकाळी ठरला. त्या आठवड्यात मी कोणाशी धड बोलत नव्हते. बुधवारी चाचांचा वाक्प्रचार मला आला नाही आणि सगळ्या बससमोर मी त्यांच्यावर खेकसले, "इंटरव्ह्यूत कोणी बोटीबद्दल विचारत नाही." ते रागावले नाहीत. म्हणाले, "विचारतील ते विचारू दे. घाबरलीस तरी तोंड उघडायची सवय हवी." मी वही मिटली आणि वाशीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

परतताना नावडे फाट्यावर बस रोज पाच मिनिटं थांबायची. गावातल्या बायका ताजी भाजी घेऊन रस्त्याकडेला बसायच्या आणि आमच्यातले दोघं-चौघं उतरायचे. त्या गुरुवारी धुकं आणि कारखान्यांचा धूर एकत्र होऊन रस्त्यावर उतरला होता. भाजीवालीचा कंदील दिसत होता, भाजीवाली दिसत नव्हती. चाचा उतरताना मला म्हणाले, "मेथी घेऊन येतो. पिशवीकडे बघ गो." आदल्या दिवशीच्या खेकसण्याचा त्यांच्या आवाजात मागमूस नव्हता.

बसमधले दिवे ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे बंद ठेवले होते, कारण समोरच्या काचेत उजेड पडला की त्याला रस्ता दिसायचा नाही. उतरलेले परत आले, बसले, दार लागलं. ड्रायव्हरने विचारलं, "सगली आली का?" मी म्हणाले, "चला." बस निघाली. मागे पत्र्यावर थापा पडल्या आणि बसने वेग घेतला.

मी वही मांडीवर घेऊन बसले होते. कळंबोलीकडच्या त्या रिकाम्या इमारती सुरू झाल्या तेव्हा माझ्या मागून, कानाच्या जरा वर, नेहमी यायचा तिथूनच आवाज आला. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून: "टु पॅडल वन्स ओन कनू." मला 'कनू' कळलं नाही. मी मागे न वळता विचारलं, "कनू म्हणजे?" उत्तर आलं, "लहान होडी. एकट्याची. आपली होडी आपण वल्हवायची, दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही." मी अंदाजाने लिहून घेतलं. शब्दाचं स्पेलिंग येत नव्हतं म्हणून तेवढा देवनागरीत लिहिला. मग मी वाक्य बनवलं आणि मोठ्याने म्हटलं. मागून काहीच आलं नाही. मला वाटलं, कालचा राग आता काढतायत. मीही फुगून बसले.

वाशीला ड्रायव्हरने दिवे लावले. मी वळले तर मागच्या सीटवर फक्त खाकी पिशवी होती. कोणी म्हणालं, नेरुळला उतरले असतील, तिथे त्यांचे भाऊ राहतात. कोणालाच उतरताना दिसले नव्हते, पण दमलेली माणसं कुठे कोणाकडे बघतात. उद्या देईन म्हणून पिशवी मी घरी नेली. आईने विचारलं, "कोणाची?" मी सांगितल्यावर तिने ती स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, चपलांच्या फळीवर ठेवायला लावली. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा ती तिथे बसून असल्यासारखी दिसली आणि मी पाणी न पिता परत गेले.

शुक्रवारी सकाळी नाक्यावरच कळलं. नावडे फाट्यावर, आमची बस निघाली त्याच मिनिटाला, चाचांना ट्रकने उडवलं होतं. भाजीवालीने पाहिलं होतं. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हाताने बसचा पत्रा बडवत ते मागे धावले. ड्रायव्हरने दोन थापा ऐकल्या आणि गिअर टाकला. दोन थापा म्हणजे निघा. बस सुटली, ते रस्त्याच्या मधोमध राहिले आणि धुक्यातून मागचा ट्रक आला. ते जागच्या जागी गेले होते. मी तेव्हा कळंबोलीलासुद्धा पोचले नव्हते.

कंपनीत चौकशी झाली. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, "सीटवर पिशवी होती, म्हणून मोजलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो नियम सगळ्यांचाच होता. मला कोणी दोष दिला नाही, उलट कॅशियरने पाणी आणून दिलं. शनिवारी मी इंटरव्ह्यूला गेले. हे मी स्पष्टच लिहिते, कारण लोकांना वाटतं मी गेले नसेन. गेले, घाबरले, तरी तोंड उघडलं आणि उत्तरं दिली. नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यापासून रुजू व्हायचं होतं.

तोवर बसने जावंच लागलं. चाचांच्या सीटवर कोणी बसायचं नाही. सोमवारी ड्रायव्हर पहिल्यांदा मागे वळून माझ्याशी बोलला. म्हणाला, "आता पिशवी मोजायची नाय. डोकी मोज." मी उभी राहून बोट दाखवत डोकी मोजायचे. आता आम्ही एकवीस होतो. सकाळी एकवीसच भरायची. संध्याकाळी नावड्याला, दिवे बंद असताना मोजलं की बावीस. पुन्हा मोजलं तरी बावीस. मी ड्रायव्हरला दिवे लावायला सांगायचे, आणि दिव्यात एकवीस. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहूनच दिवे लावले आणि किती भरली ते विचारलं नाही. दिवे लावेपर्यंत तो आरशात काय बघत होता, हे मीही विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. चाची इद्दतीत होत्या, म्हणजे नवरा गेल्यावर परपुरुषासमोर न येण्याच्या काळात, म्हणून त्या बाहेरच्या खोलीत येत नव्हत्या. मला आतल्या खोलीत नेलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसता हात फिरवला. मग मला विचारलं, "लोक म्हणतात बस सोडून गेली. खरं काय गो? तू पुढंच बसतेस ना."

मी त्यांना सांगितलं की चाचा बसमध्ये होते. मागून बोलले, वाक्प्रचार दिला, मी लिहून घेतला. मी वही नेली होती. ती तिरकी ओळ दाखवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, "मग एकटे नव्हते. तुझ्याकडं आले." मला रडू आलं. माझं रडणं त्यांना दुःखाचं वाटलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी पिशवीचा बाहेरचा कप्पा उघडला. "रविवारी जेवण झालं की तुझ्या चिठ्ठ्या लिहीत बसायचे," त्या म्हणाल्या. "टाचणी मी लावायची. रोज एक काढायचे." आतून दोन चिठ्ठ्या टाचणीसकट निघाल्या, शुक्रवार आणि शनिवार. तिसरी वेगळी निघाली, चुरगळलेली, टाचणीच्या जागी फाटलेली. गुरुवारची. ती त्यांनी मांडीवर ठेवून हाताने सपाट केली, फाटलेल्या टोकाला बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे असं ओढून नाही काढायचे ते," त्या म्हणाल्या. तिन्ही चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या.

आता जे मी कंपनीत सांगितलं नाही, चाचींना सांगितलं नाही आणि आईलाही सांगितलं नाही, ते लिहिते. त्या गुरुवारी मी पिशवी मोजली नाही. चाचा उतरल्यावर मी माझ्या सीटवरून मागे वाकले आणि त्यांच्या पिशवीत हात घातला. त्या दिवशीचा वाक्प्रचार आधीच बघून वाक्य तयार ठेवायचं होतं. अंधारात चिठ्ठी ओढली, ती फाटली, दाराच्या फटीतून येणाऱ्या कंदिलाच्या उजेडात मी ती वाचली. 'प्लेन सेलिंग.' म्हणजे कुठेही न अडता सगळं सुरळीत पार पडणं. मी ती परत कोंबत होते तेवढ्यात ड्रायव्हरने विचारलं, "सगली आली का?" माझा हात पिशवीत होता आणि सीट माझ्या डोळ्यांसमोर रिकामी होती. चोरी पकडली जाईल म्हणून मी दचकले आणि तोंडातून निघालं ते "चला." थांबा म्हणायला तितकाच वेळ लागला असता. थापा ऐकल्या तेव्हाही वेळ होता. मी समोर तोंड करून बसले आणि मनात वाक्य जुळवू लागले. मागून आवाज आला तेव्हा धावत येऊन चढलेच असं मी स्वतःला पटवलं आणि वळून बघितलं नाही.

पुढे मी स्वतःला समजावलं की आवाज वगैरे काही नव्हता. घाबरलेल्या मनाने कधीतरी कानावरून गेलेलं काहीतरी परत ऐकलं. हे समजावणं सोयीचं होतं. चाचींच्या घरून निघाले तेव्हा जिन्यातल्या दिव्याखाली मी उरलेल्या दोन चिठ्ठ्या पाहिल्या नसत्या, तर ते टिकलंही असतं.

गुरुवारच्या चिठ्ठीवर 'प्लेन सेलिंग' होतं, मी वाचलं तेच. टाचणीत शाबूत असलेल्या शुक्रवारच्या चिठ्ठीवर त्यांच्या उभ्या अक्षरांत होतं: 'टु पॅडल वन्स ओन कनू.' खाली मराठीत बारीक अक्षरात, "इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी द्यायचा." ती चिठ्ठी मी कधीच पाहिली नव्हती. त्या टाचणीला हात लागला नव्हता.

म्हणजे चाचींना मी सांगितलं ते खरं होतं. ते बसमध्ये होते. गुरुवारचा मी चोरला आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी मला शुक्रवारचा दिला.